रुग्णालयीन मोबदला व उपचार
रुग्णालयीन मोबदला व उपचार : रुग्णालयास किंवा वैद्यास पैसा कोणत्या एककाबद्दल मिळतो, यावर त्याने दिलेल्या उपचारांचे स्वरूप व प्रमाण बऱ्याच अंशी अवलंबून असते. हे एकक म्हणजे रुग्णाची प्रत्येक भेट, प्रत्येक शस्त्रक्रिया, खाटेवरील प्रत्येक दिवस किंवा केवळ महिन्याचा ठराविक पगार असू शकते. आरोग्यविषयक अर्थशास्त्रातील हा एक मूलभूत विचार होय. वैद्य लोभी असतो असे त्यात गृहीत धरलेले नाही. प्रामाणिक वैद्याचा निर्णयही संशयाच्या क्षणी ज्या बाजूस उतार असेल त्या बाजूस कलतो, आणि वैद्यकात असे संशयाचे क्षण वारंवार येतात, एवढेच त्यात अभिप्रेत आहे. महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत तीव्र स्वरूप मराठवाड्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांत दिसून आले. धाराशिव जिल्हा (जुने नाव उस्मानाबाद, जिल्ह्याचे नामांतर २०२३) या पट्ट्यात मोडतो. ज्या भयापोटी अशा शस्त्रक्रिया करून घेतल्या जातात, त्या भयाचे शास्त्रीय मोजमापही योगायोगाने याच जिल्ह्यात झालेले आहे.

बाजारातील इतर मालाप्रमाणे उपचाराची पारख गिऱ्हाइकास करता येत नाही. आपणास काय झाले आहे व त्यावर कोणता उपाय हवा, हे ज्याच्याकडून विकत घ्यावयाचे तोच ठरवितो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये लिहिलेल्या निबंधात या विषमतेचे विवेचन केले व तेथून या शाखेची शास्त्रशुद्ध मांडणी सुरू झाली. मात्र मूळ मुद्दा नाटककार बर्नार्ड शॉ यांनी द डॉक्टर्स डायलेमा या नाटकाच्या प्रस्तावनेत त्यापूर्वीच उपरोधाने मांडला होता. पाय कापण्याबद्दल ज्यास पैसे मिळतात त्यालाच पाय कापावा की नाही हे विचारण्याच्या प्रथेवर त्यांचा रोख होता.

वैद्याच्या निर्णयास किती मोकळीक असते, याचा पुरावा इंग्लंडमध्ये जे. ॲलिसन ग्लोव्हर यांनी १९३८ मध्ये पुढे आणला. शाळकरी मुलांच्या घशातील गाठी (टॉन्सिल) काढण्याचे प्रमाण निरनिराळ्या भागांत कितीतरी पटींनी भिन्न होते आणि त्याचा आजाराच्या प्रमाणाशी मेळ बसत नव्हता. एका नगरविभागात तर शाळा-वैद्य बदलताच शस्त्रक्रियांची वार्षिक संख्या एक-दशांशाहून खाली आली. मुलांचे घसे तेच होते. या उदाहरणात पैशाचा संबंध ठळक नाही. परंतु जेथे निर्णयाला एवढी मोकळीक आहे तेथे मोबदल्याची पद्धत शिरकाव करणारच, हे त्यावरून उघड होते. रुग्णालयात खाट उपलब्ध झाली की ती भरली जाते, हे मिल्टन रोमर यांनी त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी केलेले निरीक्षणही याच जातीचे आहे.

मोबदल्याच्या पद्धती : प्रत्येक पद्धतीचा कल वेगळा असतो. सेवेगणिक शुल्क आकारले जाते तेथे तपासण्या, सलाइन, इंजेक्शने व शस्त्रक्रिया वाढतात. भारतातील खाजगी वैद्यकव्यवसाय बहुतांशी याच पद्धतीवर चालतो. चीनमध्ये रुग्णालयांना औषधांच्या खरेदी-किमतीवर १५ टक्के नफा घेण्याची मुभा होती. त्यामुळे औषधे गरजेपेक्षा जास्त लिहून दिली जात आणि ती महागडी असत. अखेर २००९ नंतर टप्प्याटप्प्याने ही मुभा काढून घ्यावी लागली. याउलट आजारागणिक एकच ठरीव रक्कम दिली, तर रुग्णास लवकर घरी पाठविणे फायद्याचे ठरते. अमेरिकेत वृद्धांच्या शासकीय विमा योजनेत १९८३ पासून ही पद्धत आली आणि रुग्णालयातील सरासरी मुक्काम झपाट्याने घटला. माणशी ठराविक वार्षिक रक्कम दिल्यास आजार टाळण्याकडे लक्ष जाते, पण खर्चिक रुग्ण नकोसा होतो. निव्वळ पगारावरील वैद्यास अनावश्यक शस्त्रक्रियेत काहीच लाभ नसतो. तसाच तो अवघड व आवश्यक शस्त्रक्रियेतही नसतो, म्हणून रुग्णास मोठ्या रुग्णालयाकडे पाठवून मोकळे होण्याची प्रवृत्ती बळावते. निर्दोष अशी एकही पद्धत आजवर सापडलेली नाही.

प्रसूतीच्या बाबतीत हा फरक आकड्यांत दिसतो. राष्ट्रीय कुटुंब स्वास्थ्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातील खाजगी संस्थांतील ४७·४ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले; सार्वजनिक संस्थांत हे प्रमाण १४·३ टक्के होते. खाजगी रुग्णालयाकडे जोखमीच्या माता अधिक येतात असे मानले, तरी तिपटीहून मोठ्या अंतराचा उलगडा त्याने होत नाही. नैसर्गिक प्रसूतीस रात्र रात्र खोळंबावे लागते. शस्त्रक्रिया ठरल्या वेळी तासाभरात उरकते आणि तिचे शुल्कही जास्त असते.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. रुग्ण पाठविणाऱ्या डॉक्टरास तपासणी केंद्राकडून वा मोठ्या रुग्णालयाकडून बिलाचा हिस्सा मिळण्याची प्रथा ‘कट प्रॅक्टिस’ या नावाने सर्वतोमुखी आहे. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी ती निषिद्ध ठरविली. विंचूदंशावरील संशोधनामुळे ख्यातनाम झालेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी एका तपासणी केंद्राकडून आपणास आलेला १,२०० रुपयांचा धनादेश परत करून वैद्यक परिषदेकडे तक्रार नेली, तेव्हा या प्रथेची जाहीर चर्चा झाली. राज्य शासनाने २०१७ मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून प्रतिबंधक कायद्याचा मसुदा करून घेतला. तथापि त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. डॉ. अरुण गद्रे यांनी देशभरातील ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या. त्या व डॉ. अभय शुक्ला यांचे विवेचन यांतून २०१६ मध्ये सिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात खुद्द व्यवसायातील मंडळींनी या दडपणांची कबुली दिली आहे.

धाराशिव जिल्ह्यातील परिस्थिती : बालाघाटच्या डोंगररांगांत व पठारावर पसरलेल्या या जिल्ह्याचे क्षेत्रफळ ७,५६९ चौ. किमी. व लोकसंख्या १६,५७,५७६ (२०११) आहे. १९४८ पर्यंत तो निजामी राजवटीत होता. पर्जन्यछायेतील या प्रदेशात अवर्षण नित्याचे असून केंद्र शासनाने २०१८ मध्ये निवडलेल्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांत महाराष्ट्रातील नंदुरबार, वाशिम व गडचिरोली यांच्या जोडीने त्याची गणना झाली. मोठ्या आजारासाठी परंड्या-भूमचा रुग्ण बार्शीस, तुळजापूरचा सोलापुरास आणि उमरगा-लोहाऱ्याचा लातूर किंवा सोलापुरास जातो. सोलापूर येथे १९६३ पासून व अंबेजोगाई येथे सत्तरीच्या दशकापासून वैद्यकीय महाविद्यालय, तर लातूर येथे २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय होते. धाराशिव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्यांच्या मानाने फार अलीकडचे, म्हणजे २०२० नंतरचे आहे. दीर्घकाळ जिल्ह्याबाहेर उपचार विकत घ्यावा लागल्यामुळे कोणत्या दवाखान्यात जावे हे सांगणाऱ्या मध्यस्थाचे महत्त्व येथे वाढले. नातेवाईक, गावचा डॉक्टर, जीपचालक यांपैकी कोणीही हा मध्यस्थ असतो. दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावयाचे तर एका दिवसाची मजुरी व जाण्यायेण्याचे भाडे खर्ची पडते; म्हणून ते सहसा घेतले जात नाही.

कळंब, वाशी, भूम व परंडा या तालुक्यांतून आणि लगतच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादम कोयत्यास हंगामापूर्वी ‘उचल’ देतो व ती कामातून फेडावयाची असते. एका दिवसाची गैरहजेरी म्हणजे ‘खाडा’; त्याबद्दल ५०० रुपये वा अधिक कापले जातात. फडावर संडास नाही, न्हाणी नाही, पाळीच्या दिवसांत विसावा नाही. पहाटेपासून मोळ्या उचलणाऱ्या स्त्रीस ओटीपोटात दुखणे, अंगावरून पांढरे वा लाल जाणे हे विकार जडतात. त्यांपैकी पुष्कळसे जंतुसंसर्गाचे असून औषधांनी बरे होणारे असतात.

अशी स्त्री दवाखान्यात येते तेव्हा दोन हिशेब एकमेकांस मिळतात. डॉक्टरच्या दृष्टीने औषधोपचाराचे शुल्क काही शे रुपये असते, तर गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचे वीस-तीस हजार वा त्याहूनही अधिक असू शकते. बाईच्या दृष्टीने औषधोपचार म्हणजे वारंवार खेपा व प्रत्येक खेपेस खाडा. शस्त्रक्रिया म्हणजे एकदाच खर्च आणि पुढे पाळीही नाही. लग्न लवकर झालेले असते, पंचविशीच्या आत मुले होऊन संततिनियमनाची शस्त्रक्रियाही उरकलेली असते. आता ‘पिशवी’ ठेवून काय करावयाचे, असा प्रश्न घरात विचारला जातो. राहिलेला संकोच कर्करोगाच्या नावाने मोडतो. पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, एवढे सांगितले की मुकादमाकडून आणखी उचल घेतली जाते. ती फेडण्यासाठी शस्त्रक्रियेनंतर पुरेशी विश्रांती न घेताच बाई पुन्हा फडावर येते. येथे रुग्णास बळजबरी झाली असे म्हणता येत नाही, आणि तिने स्वेच्छेने निवड केली असेही म्हणवत नाही. डॉक्टरचे उत्पन्न, मुकादमाचा खाडा आणि कारखान्याचा हंगाम हे तिघेही एकाच बाजूस ओढीत असतात.

बीड जिल्ह्यातील अशा शस्त्रक्रियांविषयीची वृत्ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत माहिती दिली, की त्या जिल्ह्यातील ९९ खाजगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या होत्या. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांचे, गर्भाशय काढलेले आढळले. देशपातळीवर १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. बीडचे आकडे जसेच्या तसे धाराशिवला लावणे योग्य नव्हे. मात्र कामाची पद्धत, मुकादमी व्यवहार आणि दवाखान्यांची रचना सीमेच्या दोन्ही बाजूंस सारखी आहे. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढल्यास तिशी-पस्तिशीतच ऋतुनिवृत्ती येते. हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. या परिणामांचा खर्च शस्त्रक्रियेच्या बिलात कोठेच मांडलेला नसतो.

कर्करोगाचे भय व त्याचे मोजमाप : बार्शी येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधारे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या क्षेत्रात बार्शीबरोबर परंडा व भूम हे तालुकेही येतात. या अनुभवावर टाटा स्मारक केंद्र व फ्रान्समधील ल्याँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या साहाय्याने १९९९ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठी चाचणी हाती घेण्यात आली. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया तीत सामील होत्या. गावांच्या ५२ समूहांचे चार गट पाडण्यात आले. तीन गटांत गर्भाशयमुखाची प्रत्येकी एका पद्धतीने एकदाच तपासणी झाली : विषाणूची (एचपीव्ही) चाचणी, पेशींची चाचणी किंवा सिरका लावून डोळ्यांनी केलेली पाहणी. चौथ्या गटास नेहमीचीच सेवा मिळाली. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात सुमारे आठ वर्षांत ११८ जणींना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला व ६४ जणी दगावल्या. विषाणू-चाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत ३४ मृत्यू झाले. म्हणजे एका चाचणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. तुलनेच्या गटास तपासणी न देण्याच्या नैतिकतेवर पुढे कडक टीका झाली व ती विचारात घेण्याजोगी आहे.

या आकड्यांचा अर्थ असा, की जिल्ह्यातील तपासणी न झालेल्या दर हजार स्त्रियांपैकी आठ वर्षांत चौघींहून कमी जणींना हा रोग झाला. धोका खरा आहे आणि चौसष्ट मृत्यू ही लहान गोष्ट नव्हे. परंतु शेजारच्या जिल्ह्यात ऊसतोड कामगार स्त्रियांत दर हजारी १६८ गर्भाशये काढली गेली. या दोन संख्या वेगवेगळ्या पाहण्यांतल्या असल्या, तरी त्यांमधील तफावत कर्करोगाच्या भयाने भरून निघत नाही. शिवाय ज्या गोष्टीने मृत्यू निम्म्यावर आले ती आयुष्यातील एकच स्वस्त तपासणी होती. तिच्यात कोणत्याही दवाखान्याचा फारसा नफा नाही. जिल्ह्यातील स्त्रीस तपासणी सहज मिळत नाही आणि शस्त्रक्रिया मात्र मिळते, याचे एक कारण या हिशेबात आहे.

विमा व शासकीय योजना : गरिबांस विमा दिला म्हणजे हा कल नाहीसा होतो, अशी समजूत होती. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत (२००८) कुटुंबास वर्षाला ३०,००० रुपयांचे संरक्षण होते. छत्तीसगढ व बिहारमध्ये त्या रकमेवर डोळा ठेवून अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया झाल्याचे २०१२ मध्ये उघडकीस आले व छत्तीसगढमध्ये काही डॉक्टरांचे परवाने निलंबित झाले. उचल घेऊन होणारी शस्त्रक्रिया विमापत्रावर होऊ लागली, एवढाच बदल झाला. आंध्र प्रदेशाने आपल्या आरोग्यश्री योजनेत हा अनुभव घेऊन गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया शासकीय रुग्णालयांपुरती राखून ठेवली.

महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत व २१ नोव्हेंबर २०१३ पासून धाराशिवसह सर्व राज्यात लागू झाली. तीत ९७१ उपचारांसाठी कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत संरक्षण होते. काही उपचार शासकीय रुग्णालयांसाठी राखून ठेवले होते. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले आणि पुढे संरक्षणाची मर्यादा पाच लाखांपर्यंत वाढविण्यात आली. हृदयशस्त्रक्रिया किंवा कर्करोगावरील उपचार पूर्वी ज्यांच्या आवाक्याबाहेर होते अशा कुटुंबांना या योजनेचा निश्चित लाभ झाला. परंतु ठरीव दराचे परिणामही दिसून आले : दर कमी वाटेल तो उपचार रुग्णालये टाळतात, रुग्णास औषधे बाहेरून आणावयास लावल्याच्या तक्रारी होतात, आणि रक्कम शस्त्रक्रियेस जोडलेली असल्यामुळे मधुमेह वा रक्तदाब यांच्या नित्य उपचारांस योजनेतून फारसे बळ मिळत नाही.

शासकीय सेवेतही प्रलोभने असतात. आणीबाणीच्या काळात १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक निर्बीजीकरणे झाली. कर्मचाऱ्यांची वेतनवाढ व बदली लक्ष्यपूर्तीवर अवलंबून ठेवल्याचा तो परिणाम होता. लक्ष्यपद्धती रद्द होण्यास एप्रिल १९९६ उजाडला. २००५ पासूनच्या जननी सुरक्षा योजनेने मातेस व आशा कार्यकर्तीस दवाखान्यातील प्रसूतीबद्दल रक्कम देऊ केली. दवाखान्यातील प्रसूती त्यामुळे वाढल्या. पण ज्या कामास रक्कम जोडलेली नाही ते काम आशाच्या दिवसात मागे पडते, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते.

पर्याय व नियंत्रण : जिल्ह्यात व आसपास वेगळ्या पद्धतीचे प्रयोग झालेले आहेत. भूमच्या सीमेलगत जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातील स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन त्यांच्यामार्फत काम उभे केले. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी व त्यांचे सहकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून प्रशिक्षण दिले. १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा तालुक्यातील सास्तूर येथे उभे राहिलेले ‘स्पर्श’ ग्रामीण रुग्णालय स्वयंसेवी संस्था व शासन यांच्या सहकार्याने चालते. या संस्थांचा विस्तार मर्यादित आहे. त्यांचे महत्त्व असे, की पांढरे जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईस शस्त्रक्रियेची गरज आहे किंवा नाही हे सांगणाऱ्या व्यक्तीचे उत्पन्न त्या उत्तरावर ठरत नाही.

कायद्याच्या बाजूने पाहता, केंद्राचा वैद्यकीय आस्थापना कायदा (२०१०) महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालील २०२१ च्या नियमांत रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक लावण्याची सक्ती आली. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये खाजगी रुग्णालयांस गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकाची अनुमती घेणे बंधनकारक करण्यात आले. डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये दाखल केलेल्या जनहित याचिकेवर ५ एप्रिल २०२३ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने, अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश दिला. या तत्त्वांनुसार राष्ट्र, राज्य व जिल्हा पातळीवर देखरेख समित्या असून प्रत्येक शस्त्रक्रियेची कारणे, स्त्रीचे वय व रुग्णालय यांची नोंद समितीकडे जावयाची असते. फडावरील खाड्याची नोंद मात्र मुकादमाच्या वहीत राहते, आणि ती वही यांपैकी कोणत्याही समितीच्या अधिकारकक्षेत येत नाही.